चित्राचा पत्ता आणि चित्राचे नाव

आमच्या घरी एक जुने छायाचित्र आहे. वाड्याच्या दरवाजासमोर अकरा माणसे आहेत. चौघे खुर्च्यांवर बसलेले, सात जण मागे उभे. डोक्यांवर पगड्या, रुमाल, दोघांच्या डोक्यावर तुर्की टोपी. मागच्या बाजूस एका स्टुडिओचा शिक्का होता, तो आता पुसट झाला आहे. या अकरा जणांपैकी आमचे आजोबा आणि त्यांचे धाकटे बंधू एवढे दोघेच आम्हाला ओळखता येतात. आमच्या मातोश्रींना बहुतेक सर्व ठाऊक होते. परंतु त्या हयात असताना आम्ही कधी विचारले नाही. चित्र उत्तम स्थितीत आहे, चेहरे स्वच्छ आहेत, आणि तरीही त्यातील नऊ माणसे आज कोणाचीच कोणी राहिलेली नाहीत.

दोन वर्षांपूर्वी आपल्या मंडळाने असे ठरविले की, बीदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांतील जुन्या मराठी घराण्यांकडील छायाचित्रे व कागदपत्रे महाजालावरील एका पानावर एकत्र मांडावीत. महसूल खात्यातील नोकरीत संगणकाशी आमचा संबंध आला होता, एवढ्या भांडवलावर हे काम आमच्याकडे आले. वयाच्या साठीनंतर आम्ही एचटीएमएल नावाच्या खुणांच्या भाषेतील पहिले धडे गिरविले. मजकुराच्या पानात चित्र कसे आणावे, हा त्यातील एक लहानसा धडा. तो शिकताना असे ध्यानात आले की, ही गोष्ट वाटते तितकी नवी नाही. चित्र आणि शब्द यांची सांगड कशी घालावी, या प्रश्नाची उत्तरे आपल्या या मुलखाने पाच-सहाशे वर्षांत निरनिराळ्या रीतींनी शोधली आहेत. तो इतिहास आणि त्यातून आम्हाला उमगलेली एक गोष्ट वाचकांपुढे ठेवण्याचा हा प्रयत्न आहे.

सर्वांत जुनी रीत जडावाची. बीदरच्या किल्ल्यातील रंगीन महालात अली बरीदाच्या काळी, म्हणजे सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, काळ्या दगडात शिंपल्याचे तुकडे बसवून वेलबुट्टी आणि अक्षरे घडविली गेली. बिदरी कामातही तेच आहे. जस्त आणि तांब्याच्या मिश्रधातूत टाकीने खाचा पाडून चांदीची तार ठोकावयाची, आणि मग किल्ल्यातील मातीने भांडे काळे करावयाचे, की चांदी तेवढी उजळ उठून दिसते. येथे नक्षी वस्तूच्या अंगातच शिरलेली असते. भांडे जेथे जाईल तेथे नक्षी जाईल. या रीतीचे सौंदर्य निर्विवाद आहे; तिची मर्यादा पाहावयाची असेल, तर महमूद गवानाच्या मदरशासमोर उभे राहावे. १४७२ साली पूर्ण झालेल्या या इमारतीच्या दर्शनी भागावर रंगीत कौलांची नक्षी आणि अक्षरांचे पट्टे होते. १६९६ साली आत साठविलेल्या दारूचा स्फोट झाला आणि दर्शनी भागाचा मोठा हिस्सा एका मनोऱ्यासह कोसळला. भिंतीबरोबर चित्रेही गेली आणि अक्षरेही गेली. जे अंगात जडविलेले असते ते अंगाबरोबरच नष्ट होते.

छपाईच्या युगात चित्र मजकुरापासून वेगळे झाले. जेम्स बर्जेस यांनी १८७५-७६ च्या हंगामात निजामाच्या मुलखाची पाहणी केली आणि बीदर व औरंगाबाद जिल्ह्यांतील प्राचीन अवशेषांवरील त्यांचा अहवाल १८७८ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. धाराशिवची व खरोश्याची लेणी त्यात आहेत. या ग्रंथात मजकूर खिळ्यांनी छापलेला आहे आणि चित्रे स्वतंत्र पानांवर आहेत. मजकुरात फक्त 'अमुक क्रमांकाचे चित्रपत्र पाहावे' एवढी सूचना. वाचकाने बोट एका पानात ठेवून दुसरे पान उघडावयाचे.

त्याच सुमारास लाला दीनदयाळ यांचा कॅमेरा या मुलखात फिरू लागला. १८४४ साली जन्मलेले हे गृहस्थ पुढे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचे दरबारी छायाचित्रकार झाले आणि त्यांना 'राजा मुसव्विर जंग' हा किताब मिळाला. बीदर आणि गुलबर्ग्याच्या इमारतींची त्यांनी घेतलेली चित्रे आजही पाहावयास मिळतात. त्यांची एक सवय आम्हाला विशेष मोलाची वाटते. त्यांच्या पुष्कळशा चित्रांत खालच्या कडेला, काचेच्या मूळ प्रतीवरच, चित्राचा क्रमांक आणि स्थळाचे नाव लिहिलेले असते. त्यामुळे ते चित्र आल्बमातून सुटले, विकले गेले, सातासमुद्रापार गेले, तरी ते कोठले हे कोणाला विचारावे लागत नाही. आमच्या घरच्या अकरा जणांचे चित्र काढणाऱ्याने किंवा काढवून घेणाऱ्याने एवढा उद्योग केला असता, तर हा लेख लिहिण्याचे कारणच उरले नसते.

या परंपरेतील थोर नाव म्हणजे गुलाम यझदानी. हैदराबाद संस्थानात १९१४ साली पुरातत्त्व खाते निघाले, तेव्हापासून १९४३ पर्यंत ते त्याचे प्रमुख होते. बीदरच्या इमारतींवर साचलेला राडारोडा त्यांच्याच काळात दूर झाला, आणि बीदरचा इतिहास व वास्तू यांवरील त्यांचा ग्रंथ १९४७ साली ऑक्सफर्डच्या मुद्रणसंस्थेकडून प्रसिद्ध झाला. अजिंठ्यावरील त्यांचा ग्रंथ १९३० ते १९५५ या काळात चार भागांत निघाला. त्यात मजकुराचा खंड वेगळा आणि चित्रांचा खंड वेगळा. मजकुराच्या खंडात चित्र नाही, तर चित्राचा क्रमांक आहे. हे ध्यानात ठेवावे, कारण पुढे साठ वर्षांनी दूरच्या देशात हीच युक्ती निराळ्या रूपाने पुन्हा अवतरली.

मराठी नियतकालिकांनी मात्र चित्र आणि मजकूर एकाच पानावर आणण्याचा ध्यास घेतला. १८९५ साली काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी सुरू केलेले 'मनोरंजन' आणि १९२० पासूनचे 'किर्लोस्कर' यांनी सचित्र अंकांची गोडी आपल्या घरांत आणली. त्यासाठी जस्ताचा किंवा तांब्याचा ब्लॉक करावा लागे. तो लाकडावर ठोकून खिळ्यांच्या उंचीचा करीत आणि जुळारी मजकुरात त्याच्यापुरती जागा सोडून तो बसवीत असे. आमच्या लहानपणी एखाद्या स्मरणिकेत कोणा वडीलधाऱ्यांचे चित्र छापावयाचे झाले, की ब्लॉक सोलापूरहून किंवा हैदराबादहून करून आणीत. ब्लॉक महाग, म्हणून तो जपून ठेवीत. पुढे कोणता ब्लॉक कोणाचा हे लिहून न ठेवल्यामुळे एकाच्या चित्राखाली दुसऱ्याचे नाव छापले गेल्याची आणि पुढच्या अंकात दिलगिरी आल्याची उदाहरणे जुन्या वाचकांना आठवतील.

आता महाजालाकडे वळू. जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत काम करणाऱ्या टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली मांडलेल्या कल्पनेतून हे जाळे उभे राहिले आणि १९९१ साली ते संस्थेबाहेरच्या जगाला खुले झाले. शास्त्रज्ञांनी एकमेकांचे कागद वाचावेत, एवढाच त्याचा मूळ हेतू. पाने मजकुराची असत. चित्र पाहावयाचे तर दुव्यावर बोट ठेवून ते वेगळे उघडावे लागे. बर्जेस साहेबांच्या ग्रंथात आणि यात फारसा फरक नव्हता. २५ फेब्रुवारी १९९३ रोजी अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या संगणनकेंद्रात काम करणाऱ्या मार्क अँड्रीसन या तरुण विद्यार्थ्याने, मजकुराच्या ओळीतच चित्र दिसावे यासाठी एक नवी खूण सुचविली. जाणकारांत यावर चर्चा झाली, अधिक व्यापक योजनाही पुढे आल्या. परंतु त्याच वर्षी त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी 'मोझेइक' नावाचा पाने दाखविणारा कार्यक्रम लोकांच्या हाती दिला, त्यात ही खूण होती, आणि तीच रूढ झाली. भारतात सर्वसामान्यांना महाजालाची जोडणी १५ ऑगस्ट १९९५ रोजी खुली झाली, तेव्हा जी पाने आपल्या लोकांना प्रथम दिसली ती सचित्रच होती.

ही खूण अशी आहे. कोनी कंस उघडावयाचा आणि त्यात 'आयएमजी' ही तीन रोमन अक्षरे लिहावयाची. 'इमेज' या शब्दाचे ते लघुरूप. त्यापुढे 'एसआरसी' लिहून बरोबरीचे चिन्ह, आणि अवतरणचिन्हांत चित्राचा पत्ता, म्हणजे ते चित्र कोणत्या कप्प्यात कोणत्या नावाने ठेवले आहे ते. मग 'एएलटी', ज्याला 'ऑल्ट' म्हणतात, त्यापुढे चित्राचे शब्दांतील वर्णन. हवी तर रुंदी आणि उंची बिंदूंत. कोनी कंस मिटला की काम संपले. रुंदी-उंची लिहिण्याचे कारण जुन्या जुळाऱ्याला चटकन पटले असते. चित्र येण्यापूर्वीच पानावर त्याची जागा राखली जाते आणि मजकूर मागाहून हलत नाही.

पण मर्म पत्त्यात आहे. पानावर चित्र दिसते; पानात चित्र नसते. वाचक पान उघडतो त्या क्षणी त्याचा संगणक तो पत्ता वाचतो, तेथे जाऊन चित्र आणतो आणि जागेवर मांडतो. आमची हयात सर्व्हे नंबरांत गेली असल्याने आम्हाला हे असे समजले: पहाणीच्या उताऱ्यात जमीन नसते, जमिनीचा नंबर असतो. जमीन गावाच्या शिवारात असते. उतारा कितीही सुवाच्य असो, नंबर चुकला की माणूस दुसऱ्याच्या शेतात उभा राहतो. आणि नंबराबरोबर कब्जेदाराचे नाव नसेल, तर नंबर बरोबर असूनही कोणाचे काही सिद्ध होत नाही. चित्राचेही तसेच आहे. पत्ता हा त्याचा सर्व्हे नंबर, आणि 'ऑल्ट'मधले शब्द हे त्याचे नाव.

पहिल्याच प्रयत्नात पत्त्याने आमची फजिती केली. बारा छायाचित्रांचे पान तयार केले, घरच्या संगणकावर ते देखणे दिसले, आणि आम्ही अभिमानाने ते मंडळाच्या जागेवर चढविले. दुसऱ्या दिवशी लातूरहून आमच्या भाच्याचा दूरध्वनी आला, "मामा, पान उघडलं, पण चित्रांच्या जागी नुसत्या चौकटी दिसताहेत." शोध घेता कळले की, आम्ही पत्ता आमच्याच संगणकाच्या पोटातील कप्प्याचा लिहिला होता. म्हणजे परगावच्या माणसाला 'आमच्या फडताळातील दुसऱ्या खणात पाहा' असे सांगण्यासारखे झाले. आमच्यापुरता पत्ता खरा होता, म्हणून आम्हाला सर्व ठीक दिसत होते. चित्रे पानाबरोबरच एका कप्प्यात ठेवून पत्ता त्या पानापासूनचा लिहिला, तेव्हा दहा चित्रे उमटली. उरलेली दोन का येईनात, यात आणखी एक दिवस गेला. त्यांच्या नावांतील एक रोमन अक्षर एके ठिकाणी मोठ्या लिपीत आणि दुसरीकडे लहान लिपीत होते. घरचा संगणक हा भेद मानीत नाही, दूरचा मानतो.

चित्र एके ठिकाणी आणि पान दुसरीकडे, या व्यवस्थेत आपल्यासारख्या घराण्यांसाठी मोठी सोय आहे. आपल्या कुटुंबांची फाळणी नकाशावर झालेली आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद संस्थानाचे जुने राज्य तीन राज्यांत वाटले गेले. एकट्या जुन्या बीदर जिल्ह्यातून उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले, जहीराबाद-नारायणखेडकडचा भाग आंध्रात गेला, आणि भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याणसह उरलेला जिल्हा म्हैसूर राज्यात आला. सोयरीक एका राज्यात, शेती दुसऱ्यात, शिक्षण तिसऱ्यात, हे आपण सर्वांनी भोगले आहे. छायाचित्रेही तशीच पांगली. लग्नाचे चित्र मुलीच्या सासरी, मुंजीचे मामाकडे, वाड्याचे पुण्यास गेलेल्या धाकट्या पातीकडे. आता ज्याचे चित्र त्याच्याकडेच राहू दे. त्याने ते आपल्या जागेवर ठेवावे, पत्ता द्यावा आणि परवानगी द्यावी, की बीदरच्या पानावर ते उमटते. सत्तर वर्षांत एका खोलीत जे जमले नाही, ते एका पानावर जमू शकते.

परंतु दुसऱ्याच्या जागेवरील चित्र दुसऱ्याच्या मर्जीवर असते. 'जिओसिटीज' नावाची एक फुकट जागा देणारी सेवा १९९४ पासून प्रसिद्ध होती. जगभरातील लक्षावधी लोकांनी तेथे घरगुती पाने थाटली होती. २६ ऑक्टोबर २००९ रोजी ती बंद झाली. त्या पत्त्यांवर विसंबलेल्या पानांवर रिकाम्या चौकटी तेवढ्या राहिल्या. म्हणून आम्ही नियम केला आहे की, परवानगी घेऊन प्रत्येक चित्राची एक प्रत मंडळाच्या कप्प्यातही ठेवावयाची, आणि मूळ मोठी प्रत पानावरील लहान प्रतीहून निराळी, दोन ठिकाणी जपावयाची.

आता त्या 'ऑल्ट'विषयी. १९९५ सालच्या एचटीएमएलच्या दुसऱ्या आवृत्तीत त्याची नोंद होती आणि १९९७ सालच्या चौथ्या आवृत्तीने ते आवश्यक केले. आम्ही मात्र आरंभी ते गाळले. चित्र दिसत असताना त्याचे वर्णन कशाला, असा आमचा समज. आपल्या अंकाचे एक जुने वाचक आहेत. वय नव्वदीच्या घरात, दृष्टी पूर्ण गेलेली. त्यांच्या नातवाने संगणकावर पान मोठ्याने वाचून दाखविणारा कार्यक्रम बसवून दिला आहे. आम्ही उत्साहाने त्यांच्या घरी गेलो आणि मंडळाचे पान लावले. यंत्राने मजकूर वाचला, आणि चित्र आले की ते कॅमेऱ्याने दिलेली रोमन अक्षरे व आकडे म्हणू लागले. बारा वेळा तेच. अण्णा शांतपणे ऐकत राहिले. मग म्हणाले, "साहेब, यांत आमच्या गावचं कोणी आहे का?" वस्तुतः तिसऱ्या चित्रात त्यांचे थोरले बंधू होते. पाहणाऱ्याला चेहरा तरी दिसतो. त्यांच्यापुढे आम्ही बारा कुलुपे ठेवली होती.

आम्ही घरी येऊन ती बारा वर्णने लिहावयास बसलो, तेव्हा खरी अडचण समोर आली. सात चित्रांत कोण आहे हे आम्हालाच ठाऊक नव्हते. 'एक समूहचित्र' असे लिहून यंत्राचे समाधान होते, माणसाचे होत नाही. पुढचे चार महिने आम्ही फोनवर, लग्नकार्यांत, आजारपणाच्या भेटींत नावे गोळा केली. अण्णांना चित्र दिसत नव्हते; परंतु आम्ही चित्राचे वर्णन सांगू लागलो की, "डावीकडे खुर्चीवर, हातात काठी? तुर्की टोपी? ते पेशकार," अशी नावे तेच सांगत. सात चित्रांपैकी पाच अशी बोलकी झाली. दृष्टिहीन माणसासाठी लिहावयाचे शब्द दृष्टिहीन माणसाकडूनच मिळाले, ही गोष्ट आम्ही विसरणार नाही.

मोडी कागदांचा प्रश्न याच जातीचा, किंबहुना अधिक बिकट आहे. संस्थानचा कारभार आधी फारसीत आणि १८८४ च्या सुमारापासून उर्दूत चाले. पण कुलकर्ण्यांचे दप्तर, सावकारी वह्या आणि घरगुती पत्रे मोडीत असत. कागदाचे छायाचित्र पानावर चढविले की काम झाले असे वाटते. तसे नाही. अक्षराचे चित्र हे संगणकाच्या लेखी अक्षर नसून चित्रच असते. त्यात गावाचे नाव असले तरी शोधणाऱ्याला ते सापडत नाही. मोडी लिपीला युनिकोडमध्ये स्वतःचे स्थान २०१४ साली मिळाले. तोवर मोडी महाजालावर आणण्याचा चित्र हाच मुख्य मार्ग होता. आमच्या नोकरीत कर्नाटक शासनाच्या 'भूमी' योजनेत सुमारे दोन कोटी हस्तलिखित उतारे संगणकावर आले, ते छायाचित्र काढून नव्हे, तर एकेक नाव आणि नंबर अक्षरांत भरून. म्हणूनच ते शोधता येतात. मोडी कागदाच्या चित्राखालीही बाळबोध लिप्यंतर हवेच; आणि ते करू शकणारे हात आपल्या दोन्ही जिल्ह्यांत थोडे उरले आहेत.

तांत्रिक बाजू यापुढे फार नाही. छायाचित्राला जेपेग, आणि नकाशा, वंशावळ किंवा रेघांचे चित्र असेल तर पीएनजी हा प्रकार बरा. भ्रमणध्वनीवर काढलेले चित्र पानासाठी लहान करून घ्यावे, नाही तर खेड्यातील मंद जोडणीवर ते उघडता उघडत नाही. २०१४ सालच्या पाचव्या आवृत्तीने चित्र आणि त्याखालील ओळ एकत्र बांधणारी स्वतंत्र खूणही पक्की केली आहे. शाळकरी नातवंडे हे सर्व एका दुपारी शिकतात. जे नातवंडांना येणार नाही ते एवढेच की, चित्रात कोण आहे.

म्हणून वाचकांस विनंती आहे ती संगणकाची नाही. ट्रंकेतील छायाचित्रे बाहेर काढावीत. घरातील सर्वांत वृद्ध माणसाजवळ बसावे. मागच्या बाजूस मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने, डावीकडून उजवीकडे नावे, गाव आणि अदमासे साल लिहावे. बॉलपेन वापरू नये, त्याची शाई व दाब पुढच्या बाजूस उमटतो. जे नाव निश्चित नाही त्यापुढे प्रश्नचिन्ह करावे, पण ओळ रिकामी ठेवू नये. मग ते चित्र आमच्याकडे आणावे. पत्ता आम्ही देऊ.

आमच्या घरच्या त्या अकरा जणांचे चित्रही आता पानावर आहे. त्याच्या 'ऑल्ट'मध्ये दोन नावे आहेत आणि पुढे 'इतर नऊ जण, नावे अज्ञात' असे लिहिले आहे. लिहिताना संकोच वाटला; परंतु जे आहे ते तसे नोंदविणे, हीच दप्तराची रीत आम्ही आयुष्यभर पाळली. वाचकांपैकी कोणाच्या संग्रहात याच चित्राची दुसरी प्रत असेल, आणि तिच्या पाठीवर कोणा जागरूक माणसाने नावे लिहिलेली असतील, अशी आशा आम्ही सोडलेली नाही.